छत्रातली शुश्रूषा : तंजावूरच्या मराठी राज्यातील रुग्णसेवा

तंजावूरहून दक्षिणेला रामेश्वराकडे जाणाऱ्या सेतुमार्गावर भोसले राजांनी, बहुतेकदा आपल्या राण्यांच्या नावे, बांधलेली छत्रे अन्नदानासाठी प्रसिद्ध आहेत. नीडामंगलमचे यमुनांबा छत्र प्रतापसिंहाच्या काळातले, ओरत्तनाडूचे मुक्तांबा छत्र दुसऱ्या सरफोजींनी १८०२ मध्ये उभारलेले. अशी छत्रे वाटेवर टप्प्याटप्प्याने होती, कारण काशीचे पाणी रामेश्वराला वाहायला निघालेला यात्रेकरू महिनोन्‌महिने चालत आलेला असे. एवढे चाललेला माणूस शेवटच्या मजलेत तापाने, अतिसाराने किंवा पायाच्या जखमेने आडवा पडला, तर पत्रावळीवरच्या भाताने त्याचे भागत नाही. त्याला निजायला जागा, सोसेल असे अन्न, औषध आणि उठबस करायला माणूस लागतो. छत्रांनी हे काम अंगावर घेतले. त्यामुळे ती धर्मशाळा आणि रुग्णालय यांच्या मधल्या जागी येतात. दक्षिणेतल्या रुग्णशुश्रूषेचा इतिहास लिहिताना मात्र ही जागा बहुतेकदा वगळली जाते.

या व्यवस्थेचे सर्वांत तपशीलवार वर्णन खुद्द सरफोजींनीच केले आहे. १८०१ च्या जानेवारीत त्यांनी तंजावूरचा ब्रिटिश रेसिडेंट बेंजामिन टोरिन याला छत्रांविषयी पत्र लिहिले. ब्राह्मणापासून परैयापर्यंत आणि जोगी, जंगम, फकीर अशा सर्व पंथांच्या प्रवाशांना छत्रात शिजवलेला भात मिळतो. ज्यांना शिजवलेले चालत नाही त्यांना शिधा मिळतो. वाढप मध्यरात्रीपर्यंत चालते आणि मग घंटा वाजवून, कोणी उपाशी राहिला असेल तर यावे असे पुकारले जाते, असे त्यात सांगितले आहे. प्रत्येक छत्रात वेदांचे अध्यापक आणि शाळामास्तर यांच्या जोडीला वैद्य नेमलेले असत. रोग, सूज आणि सर्पादिकांचे विष उतरवण्यात ते निष्णात असावेत, अशी अपेक्षा होती. ही यादी कावेरीच्या खोऱ्याला चपखल बसते. भाताच्या चिखलात अनवाणी राबणाऱ्यांच्या मुलखात पायाची सूज आणि सर्पदंश यांना वैद्यकात मानाची जागा मिळणारच.

पत्राचा पुढचा भाग शुश्रूषेच्या दृष्टीने अधिक मोलाचा आहे. छत्रात आल्यावर किंवा येण्याआधीच आजारी पडलेल्या प्रवाशाला औषध आणि त्याच्या प्रकृतीला योग्य असा आहार मिळे, आणि बरा होईपर्यंत त्याची आदराने व मायेने देखभाल होई. पुढे चालण्याची ताकद नसलेल्याला, तो राहील तितके दिवस जेवण मिळे. तान्ह्या मुलांसाठी दूध होते. गरोदर स्त्रियांची विशेष काळजी घेतली जाई. कोणी छत्रातच बाळंत झाली तर बाळंतपणाचा खर्च छत्र करी, औषधे देई आणि बाळंतिणीला तीन महिने राहू देई. वाटेत आईबाप गेलेली परक्या मुलखातली मुले शाळामास्तरच्या स्वाधीन केली जात. त्यांना दिवसातून तीनदा जेवण, दर चौथ्या दिवशी तेल लावून न्हाणे, आजारात औषध आणि अंगावर कपडे मिळत. आवडेल ती विद्या शिकवून शेवटी त्यांच्या लग्नाचा खर्चही छत्रच उचली. मृतांचे अंत्यसंस्कार ज्याच्या त्याच्या जातीच्या रीतीप्रमाणे होत.

आजच्या परिचर्याशास्त्राच्या पुस्तकात जी कामे वेगवेगळ्या प्रकरणांत येतात, ती या यादीत एका छपराखाली दिसतात. कोण चालू शकतो आणि कोण नाही, हे कोणीतरी रोज पाहून ठरवल्याशिवाय दुर्बळाला मुक्काम वाढवून देणे शक्य नव्हते. प्रत्येकाच्या आजाराप्रमाणे आहार द्यायचा, तर वैद्याचे सांगणे कोठीपर्यंत आणि चुलीपर्यंत पोचवणारी व्यवस्था हवी. तीन महिन्यांची मुदत तर विशेष लक्षणीय आहे. सव्वा महिन्याने बाळंतीण उठते, ही घरची रीत. इथे घर शेकडो कोस दूर असलेल्या बाईला आणि तिच्या बाळाला वाटेला लावण्याआधी त्याच्या दुपटीहून जास्त काळ दिलेला आहे. आजार एका माणसाला होतो, पण त्यात अख्खे कुटुंब उघडे पडते, हे ज्याने ही मुदत घातली त्याला पुरते ठाऊक होते. अनाथ मुलांच्या लग्नापर्यंतची तरतूद याच समजातून आलेली आहे.

हे पत्र वाचताना ते कोणत्या प्रसंगी लिहिले गेले, याचाही विचार करायला हवा. २५ ऑक्टोबर १७९९ च्या तहाने तंजावूरचा राज्यकारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला होता. राजाकडे किल्ला, वर्षाला एक लाख पॅगोडा आणि निव्वळ महसुलाचा पाचवा हिस्सा एवढेच उरले. छत्रांचे काय होणार, हा प्रश्न त्यातून उभा राहिला आणि ती आपल्या हाती राहावीत म्हणून सरफोजींनी लेखणी उचलली. म्हणजे हे एका वकिलाचे निवेदन आहे, तपासनिसाचा अहवाल नव्हे. प्रत्येक छत्रात वर्षाचे बाराही महिने सगळे असेच चालत होते, असे त्यावरून म्हणता येत नाही. पण एखाद्या राजाला आपली सर्वांत मोठी पुण्याई म्हणून काय पुढे करावेसे वाटले, हे त्यातून नक्की कळते, आणि त्याने लढाया किंवा मंदिरे यांच्याऐवजी बाळंतिणीचा दूधभात पुढे केला. पत्रात वैद्य, शाळामास्तर, अध्यापक यांचा उल्लेख पदानुसार येतो. आजाऱ्याला पाणी पाजणारे, कूस बदलून देणारे, घाण काढणारे मात्र त्यात कुठेच नाहीत. सगळी सेवा कर्मणी प्रयोगात होते. शुश्रूषेच्या इतिहासात हे सर्वत्र घडले आहे आणि तंजावूर त्याला अपवाद नाही.

चोळांच्या शिलालेखांत या हातांची निदान गणती तरी सापडते. राजराज चोळाची थोरली बहीण कुंदवै हिने आपल्या पित्याच्या, सुंदर चोळाच्या, नावाने तंजावुरात आतुरशाळा स्थापली होती आणि तिथल्या वैद्याला जमीन दिली होती. कांचीपुरमजवळच्या तिरुमुक्कूडलच्या मंदिरावरचा वीरराजेंद्र चोळाच्या काळातला (१०६३–१०७०) लेख तर एखाद्या संस्थेच्या अंदाजपत्रकासारखा आहे. पंधरा खाटांचे रुग्णालय, एक वैद्य, एक शस्त्रवैद्य, वनस्पती आणून औषधे तयार करणारे दोन पुरुष, रोग्यांची शुश्रूषा करणाऱ्या दोन स्त्रिया, न्हावी आणि पाणक्या, अशी नेमणुकांची आणि त्यांच्या वेतनाची नोंद त्यात आहे. रात्रभर जळणाऱ्या दिव्याच्या तेलाचीही तरतूद आहे. वासाहरीतकी, दशमूलहरीतकी यांसारख्या साठवणीच्या औषधांची नावे आहेत. पंधरा रोग्यांमागे दोन परिचारिका हे प्रमाण आजच्याही पुष्कळ सरकारी वॉर्डांना हेवा वाटावा असे आहे. दिव्याची तरतूद त्याहून बोलकी म्हणावी लागेल, कारण रात्री रोग्याकडे कोणी पाहणार असेल तरच तेल लागते.

चोळ आणि मराठे यांच्यामध्ये विजयनगर आणि नायकांचा काळ जातो. तेव्हा तिरुमुक्कूडलपासून ओरत्तनाडूपर्यंत एकच अखंड परंपरा चालत आली, असे म्हणणे ओढाताणीचे होईल. दोन्हींच्या मागे असलेले शास्त्र मात्र एकच होते. चरकसंहितेने चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषधद्रव्य, परिचारक आणि रोगी. परिचारकाला सेवेची माहिती, कामातले कौशल्य, रोग्याविषयी ओढ आणि स्वच्छता हे चार गुण हवेत. रोग्याकडूनही चार अपेक्षा आहेत. त्याला आपल्या आजाराची हकीगत आठवावी, सांगितलेले त्याने पाळावे, भिऊ नये आणि काय होते आहे ते नीट सांगता यावे. रोग्याचे बोलणे हा इथे उपचाराचाच भाग ठरतो. याच ग्रंथाच्या सूत्रस्थानातल्या पंधराव्या अध्यायात रुग्णगृह कसे सज्ज करावे याचे वर्णन आहे. वारा यावा पण झोत नसावा अशी खोली, स्वयंपाकी, न्हाऊ घालणारे, अंग रगडणारे, उचलून निजवणारे आणि उठवणारे, औषधे वाटणारे. शिवाय गाणी, गोष्टी आणि पुराणे सांगून मन रमवणारेही. तंजावूरच्या भोसल्यांना हा वारसा पोथीतून ठाऊक होता. सरफोजींचा पूर्वज पहिला तुळजाजी (कारकीर्द १७२८–१७३६) याच्या नावे धन्वंतरिविलास आणि धन्वंतरिसारनिधी असे वैद्यकग्रंथ आहेत.

सरफोजींनी (१७७७–१८३२) या वारशात दुसरा प्रवाह आणून सोडला. त्यांचे पालकत्व जर्मन मिशनरी ख्रिस्तियन फ्रीडरिश श्वार्त्झ याच्याकडे होते. तरुणपणातला काही काळ ते मद्रासला राहून शिकले. इंग्रजी त्यांना उत्तम येई. तरंगंबाडीच्या डॅनिश मिशनमधल्या निसर्ग-अभ्यासकांशी त्यांचा संबंध होता आणि युरोपातून आलेली शरीरशास्त्राची पुस्तके त्यांच्या संग्रहात होती. त्यांनी स्थापलेल्या धन्वंतरी महालात आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि युरोपीय अशा चारही पद्धतींचे जाणकार एकत्र काम करत. औषधे तयार होत, वापरून पाहिली जात आणि गुण आला तर टिपून ठेवली जात. औषधी वनस्पतींची रंगीत चित्रेही काढून घेतली जात.

या कामाचा सर्वांत विलक्षण अवशेष म्हणजे सरस्वती महाल ग्रंथालयात जपलेली नेत्ररोग्यांची टिपणे. मोतीबिंदू आणि डोळ्यांचे इतर विकार यांवर सरफोजी स्वतः उपचार करत आणि इंग्रज डॉक्टरांची मदत घेत. इंग्रजीत लिहिलेल्या या कागदांत रोग्याचे नाव, त्याची तक्रार, डोळ्याची पाहणी केल्यावर दिसलेली स्थिती, केलेला उपचार आणि त्यानंतरचा फरक यांची नोंद आहे. काही रोग्यांच्या डोळ्यांची चित्रे काढून रंगवलेली आहेत. एका राजाने प्रजेतल्या सामान्य माणसाचा लालबुंद किंवा ढगाळलेला डोळा चित्रकाराकडून हुबेहूब उतरवून घ्यावा, ही त्या काळी कुठल्याही दरबारात नवलाची गोष्ट होती. तंजावूरच्या चित्रकारांना देवांना सोन्याचा वर्ख लावायची सवय. इथे त्यांना बुबुळावरचे फूल जसेच्या तसे दाखवायचे होते.

या टिपणांना आजच्या भाषेत केसपेपर म्हणता येईल आणि त्यांचे महत्त्व शस्त्रक्रियेपेक्षा पाहणीत अधिक आहे. मोतीबिंदू मागे ढकलण्याची क्रिया भारतात सुश्रुताच्या काळापासून होती आणि गावोगाव फिरून ती करणारेही होते. पण ते दुसऱ्या दिवशी पुढच्या गावी जात. रोग्याला नंतर दिसले की नाही, डोळा पिकला का, हे पाहायला कोणी थांबत नसे. तंजावूरच्या कागदांत रोगी पहिल्या दिवशी कसा होता आणि नंतर कसा झाला, हे एकाच नोंदीत येते. दोन वेळांची तुलना करायची तर पहिली वेळ आधी लिहून ठेवावी लागते. परिचर्येत ज्याला मूल्यमापन म्हणतात त्याचा पाया हाच आहे.

पाहणीची देशी पद्धतही तितकीच काटेकोर होती. मराठी मुलखातल्या वैद्यांना योगरत्नाकरातली अष्टस्थान परीक्षा पाठ असे : नाडी, मूत्र, मल, जीभ, शब्द, स्पर्श, डोळे आणि एकूण आकृती. तमिळ सिद्ध वैद्यही आठच ठिकाणे तपासतात : नाडी, स्पर्श, जीभ, वर्ण, वाणी, डोळे, मल आणि मूत्र. एखाददुसरे स्थान सोडले तर दोन्ही याद्या एकच आहेत. तंजावुरात मराठी, तेलुगू आणि तमिळ बोलणारे वैद्य एका रोग्याभोवती बसले, तरी काय पाहायचे यावर त्यांचे भांडण होण्याचे कारण नव्हते. या आठांपैकी नाडी सोडली, तर बाकी सगळे घरातली जाणती बाई रोज पाहत असते. जीभ पांढरी आहे, आवाज बसला आहे, लघवी पिवळी होते आहे, ही माहिती वैद्यापर्यंत तिच्याच तोंडून पोचे.

माहिती वैद्याकडून घरापर्यंत परत पोचवण्याचा प्रश्न तंजावूरने कवितेने सोडवला. धन्वंतरी महालात गुण आलेले योग तमिळ पद्यात बांधले गेले. कोट्टैयूर शिवक्कोळुंदु देशिकर यांच्यासारखे दरबारी कवी या कामी होते. शरभेंद्र वैद्य मुरैगळ या नावाने ही पद्ये पुढे विसाव्या शतकात सरस्वती महालाने रोगवार खंडांत छापली. गर्भिणी आणि बालरोग, नेत्ररोग, मधुमेह, व्रण, कास-श्वास, गुल्म असे त्यांचे विषय आहेत. पद्य लक्षात राहते. ते म्हणणाऱ्याला वाचता येण्याची गरज नसते, आणि एखादे द्रव्य गाळले तर चाल मोडते, म्हणून चूक लगेच ध्यानात येते. दरबाराची भाषा मराठी असून हे ग्रंथ तमिळमध्ये झाले, यामागे निव्वळ सोय होती. औषध घेणारे बहुसंख्य लोक तमिळ होते आणि रोग्याला समजेल त्या भाषेत सांगणे हा रुग्णशिक्षणाचा पहिला नियम आहे. तो कोणी लिहून ठेवला नव्हता, पण पाळला मात्र गेला.

रुग्णशिक्षणाचा गाभा होता पथ्य. तमिळमध्ये पत्तियम आणि मराठीत पथ्यपाणी, दोन्हीकडे औषधाच्या बरोबरीने, कधी त्याहून जास्त, भर त्यावर होता. काय खावे, काय टाळावे, आंबट किती दिवस बंद, तेलाचे न्हाणे कधी, दिवसा निजावे का, हे वैद्य घरच्या माणसांना बसवून सांगे, कारण ते पाळणे रोग्याच्या हातात नसते. चिंच आणि मिरची यांवाचून ज्या प्रदेशाचे जेवण होत नाही, तिथे आजाऱ्यासाठी वेगळी चूल पेटवणे हा घरातल्या बाईवर पडणारा मोठाच बोजा असे. पथ्य मोडले की दोष रोग्याला, आणि त्याच्या मागे तिला. या बाजूची नोंद वैद्यकग्रंथांत नसते.

घर हेच खरे रुग्णालय होते आणि तिथे सत्ता बायकांची होती. बाळंतपण सुईणीच्या हाती असे. तमिळ भागात हे काम न्हावी समाजातल्या स्त्रिया करत. त्यांना मरुत्तुवच्ची, म्हणजे वैद्यीण, असे मानाचे नाव होते आणि सामाजिक स्थान मात्र खालचे. कळा सुरू झाल्यापासून नाळ पडेपर्यंत आणि पुढे बाळाला न्हाऊ घालण्यापर्यंत त्यांचा हात लागे. पोटावर हात ठेवून मूल कसे आहे हे ओळखण्याची विद्या आईकडून मुलीकडे जाई. बाळंतिणीचा खुराक ही सासू-आईची बाजू. मराठी घरात डिंकाचे लाडू, आळीव, शेपू, खसखशीची खीर. तमिळ घरात सुंठ, मिरी, पिंपळी, ओवा, गूळ आणि तूप घालून आटवलेला प्रसवलेह. दोन्हीकडे पोट बांधणे, शेकशेगडी आणि अंधाऱ्या खोलीचा मुक्काम. यांतले काही उपकारक होते, काही निरुपद्रवी. कोंडलेला धूर आणि पाणी तोडणे यांनी मात्र नुकसानच झाले. पुढच्या काळातल्या शिकलेल्या परिचारिकांना या सवयी सोडवायला फार झगडावे लागले.

देवीच्या साथीत घरच्या शुश्रूषेला धर्माचे रूप येई. तंजावूरपासून जवळच असलेल्या पुन्नैनल्लूरच्या मारियम्मनचे, म्हणजे देवीच्या रोगाच्या देवतेचे, देऊळ व्यंकोजीराजांनी बांधले, असे स्थळपुराण सांगते. पहिल्या तुळजाजीच्या मुलीची आजारात गेलेली दृष्टी तिच्या कृपेने परत आली, अशीही आख्यायिका आहे. घरात कोणाला देवी आल्या की दाराला कडुनिंबाचे डहाळे लागत, पाहुण्यांची ये-जा थांबे, घरात फोडणी पडत नसे. रोग्याला केळीच्या पानावर किंवा मऊ कापडावर निजवून निंबाच्या डहाळीने वारा घालत, खाजवू देत नसत. ताक, नाचणीची आंबील, शहाळ्याचे पाणी असे थंड पदार्थ देत. खपल्या धरल्यावर हळद आणि निंबाच्या पाण्याने न्हाऊ घालून मग घर मोकळे होई. देवी आतून रुसलेली आहे, या समजुतीपोटी रोग्याशी कोणी कठोर बोलत नसे. अलगीकरण, त्वचेची निगा, द्रवपदार्थ आणि शांतता, एवढे या आचारातून साधत असे. रोगावर त्याचा इलाज नव्हता. तो आला लसीने. ती १८०२ मध्ये मुंबईला पोचली आणि थोड्याच काळात मद्रास इलाख्यात पसरू लागली. मात्र तिने देवळाची गर्दी कमी केली नाही.

सरफोजींचे रुग्णशय्येपाशी असलेले एक चित्रण तंजावुरात दगडातही आहे. श्वार्त्झ १३ फेब्रुवारी १७९८ रोजी वारला. त्याच्या स्मरणार्थ सरफोजींनी इंग्लंडचा शिल्पकार जॉन फ्लॅक्समन याच्याकडून संगमरवरी शिल्प करवून घेतले. ते शिवगंगा उद्यानाजवळच्या श्वार्त्झ चर्चमध्ये आहे. मरणपंथाला लागलेला म्हातारा पाद्री खाटेवर, शेजारी त्याचा हात धरलेले राजे, आणि भोवती सहकारी व शाळेतली मुले असा तो प्रसंग. श्वार्त्झने ज्याला मुलासारखे वाढवले त्या तरुणाला फ्लॅक्समनने दरबारी थाटात उभे न करता शय्येपाशी आणले आहे. मृत्यूसमयी सोबत असणे हे कर्तव्य राजालाही सुटत नाही, असे हे शिल्प सुचवते.

सरफोजींच्या मागे त्यांचा मुलगा दुसरा शिवाजी गादीवर आला. तो १८५५ मध्ये पुरुष वारसाविना वारला आणि कंपनीने राज्य खालसा केले. राणी कामाक्षीबाईंचा दावा प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला, तिथे त्या हरल्या, आणि १८६२ मध्ये त्यांना फक्त खासगी मालमत्ता परत मिळाली. छत्रे सरकारी देखरेखीखाली गेली आणि १८७१ नंतर ती स्थानिक बोर्डांच्या कारभारात आली. आगगाडी रामेश्वराकडे सरकू लागली, तसे पायी जाणारे यात्रेकरू घटले. सेतुमार्गावरचा आजारी वाटसरू हळूहळू नाहीसा झाला. छत्रांच्या उत्पन्नाचा ओघ शाळा आणि विद्यार्थी-वसतिगृहांकडे वळला. अन्नाशी जोडलेली शुश्रूषा तिथून सुटली, आणि ती सुटत असताना कोणी फारशी दखल घेतली नाही.

त्याच दशकांत मद्रासला दुसऱ्या प्रकारची शुश्रूषा आकार घेत होती. १८४४ मध्ये तिथे प्रसूती रुग्णालय निघाले, १८५४ मध्ये सुईणींच्या प्रशिक्षणशाळेला सरकारी मंजुरी मिळाली, आणि १८७१ मध्ये जनरल हॉस्पिटलात परिचारिकांचे शिक्षण सुरू झाले. लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात फ्लॉरेन्स नाइटिंगेलची शाळा १८६० मध्ये उघडली होती, म्हणजे मद्रास फार मागे नव्हते. या शिक्षणाने जे आणले ते छत्रात नव्हते : ठरलेला अभ्यासक्रम, परीक्षा, पाळी, तापमानाचा तक्ता, वरिष्ठाला जबाब देण्याची शिस्त आणि, सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, पगारपत्रकावर नाव. सुरुवातीला या कामाकडे युरोपीय, अँग्लो-इंडियन आणि ख्रिस्ती मुलीच अधिक वळल्या. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावणे आणि मलमूत्र काढणे या दोन गोष्टींमुळे इतर घरांनी आपल्या मुली कित्येक पिढ्या मागे ठेवल्या. मरुत्तुवच्चीला जी जातीची किंमत मोजावी लागली, तीच नर्सलाही वेगळ्या रूपात मोजावी लागली. १९२६ च्या मद्रास इलाख्याच्या कायद्याने परिचारिका आणि सुईणींची नोंदणी सुरू झाली; १९४७ च्या कायद्याने भारतीय परिचर्या परिषद आली.

तंजावुरात नव्या व्यवस्थेचे घर म्हणजे राजा मिरासदार रुग्णालय. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या चतुर्थकात राजघराणे आणि भागातले जमीनदार मिरासदार यांच्या देणग्यांतून ते उभे राहिले. नावातच दोन्ही देणगीदार आहेत. छत्रामागेही दान होते आणि रुग्णालयामागेही. दात्यांची घराणीसुद्धा पुष्कळशी तीच. फरक आतल्या रचनेत पडला. छत्रात रोगी आपल्या माणसांसह उतरे. नवऱ्याला ताप आला म्हणून बायकामुलांना वेगळे काढले जात नसे. वॉर्डात खाट एकाची. बाकीचे भेटीच्या वेळेत यायचे, एरवी बाहेरच्या ओवरीत थांबायचे. स्वच्छता आणि संसर्ग यांच्या दृष्टीने हे गरजेचे होते, पण घरच्या बाईकडे असलेली अष्टस्थानांची रोजची माहिती वॉर्डाच्या दाराबाहेर राहिली. नातेवाईक मात्र गेले नाहीत. डबा आणणे, रात्री खाटेखाली निजणे, औषधाच्या दुकानात धावणे ही कामे त्यांच्याकडेच राहिली आणि रुग्णालयांचा कारभार त्यांच्या बळावर चालत आला. नियमांत त्यांना अडथळा मानायचे आणि व्यवहारात त्यांच्याशिवाय पान हलू द्यायचे नाही, असा हा संबंध बराच काळ टिकला.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात परिचर्याशास्त्राने कुटुंबाला पुन्हा आत घेतले. रोग्याची हकीगत घेताना घरात कोण आहे, स्वयंपाक कोण करते, औषध कोण देणार हे विचारणे, घरी सोडताना नातेवाइकाला जखम बांधून दाखवणे आणि त्याच्याकडून करवून घेणे, हे अभ्यासक्रमाचे भाग झाले. तमिळनाडूत गावोगावच्या आरोग्य परिचारिका गरोदर स्त्रियांची नोंद, तपासणी आणि घरभेटी करतात. मुत्तुलक्ष्मी रेड्डी यांच्या नावाने चालणाऱ्या राज्य योजनेतून गरीब बाळंतिणींना आर्थिक मदत मिळते. २०२१ च्या ऑगस्टमध्ये सुरू झालेल्या ‘मक्कळै तेडि मरुत्तुवम’ योजनेत मधुमेह आणि रक्तदाबाची औषधे, व्यायामोपचार आणि अंथरुणाला खिळलेल्यांची शुश्रूषा थेट घरी पोचवली जाते.

तंजावूरला १९५० च्या दशकाच्या अखेरीस वैद्यकीय महाविद्यालय निघाले आणि त्याच्या नव्या रुग्णालयात बहुतेक विभाग गेले. जुन्या राजा मिरासदार रुग्णालयाकडे मुख्यत्वे प्रसूती आणि बालरोग राहिले. छत्रांची मालमत्ता आज जिल्हाधिकाऱ्यांच्या हाताखालच्या वेगळ्या छत्र-प्रशासनाकडे आहे. सरफोजींच्या काळातले मोडी कागद सरस्वती महालात आणि १९८१ मध्ये स्थापन झालेल्या तमिळ विद्यापीठात आहेत. त्यांतल्या काहींचे तमिळ भाषांतर विद्यापीठाने प्रसिद्ध केले आहे.